क्लिपीला सबमॉड्यूलमधून बाहेर का काढावं लागलं: रस्ट प्रकल्पातलं एक प्रकरण

2018-19 च्या काळात रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची नाइटली, म्हणजे रोज रात्री बनणारी, आवृत्ती वापरणाऱ्यांच्या वाट्याला एक त्रास वारंवार यायचा. रस्ट अद्ययावत करणारी `रस्टअप अपडेट` ही कमांड चालवली की कळायचं, आजच्या नाइटलीत कोड तपासणारं क्लिपी नाही. उद्या क्लिपी आलं तर कोडची मांडणी नीट करणारं रस्टएफएमटी नसायचं. कंपायलर ताजा, सगळ्या चाचण्या पार केलेला. पण त्याच्यासोबत यायला हवीत ती टूल्स त्या दिवशी बनलेलीच नसायची. ज्यांच्या सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत, क्लिपीची तपासणी सक्तीची होती, त्यांचं काम तिथेच अडायचं.

यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. एक रिपॉझिटरी दुसरीत ज्या तऱ्हेने बसवली होती, त्या रचनेतच अडचण होती. रस्टचं सगळं काम उघड्यावर चालतं, पुल रिक्वेस्ट आणि त्यावरच्या चर्चा कुणालाही वाचता येतात. म्हणून बाहेरच्या माणसालाही हे प्रकरण मुळापासून बघता येतं. सबमॉड्यूल, म्हणजे एका गिट रिपॉझिटरीत बसवलेली दुसरी रिपॉझिटरी, वापरणाऱ्या प्रत्येक टीमने ते बघावं असं मला मनापासून वाटतं. सबमॉड्यूलवरची आपली चर्चा बहुतेक वेळा कमांड पाठ करण्यावर संपते. इथे काम करणाऱ्यांना कमांड उत्तम येत होत्या, तरीही गाडी अडत होती.

क्लिपी आणि कंपायलर यांचं नातं

रस्ट 1.0 मे 2015 मध्ये आलं. तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. रोजचं काम मुख्य ब्रँचवर होतं (त्या काळी तिचं नाव मास्टर), तिथून रोज रात्री नाइटली बनते, सहा आठवड्यांनी मास्टरवरून बीटा काढतात आणि आणखी सहा आठवड्यांनी तीच बीटा स्टेबल होते. म्हणजे तीन ब्रँच कायम जिवंत असतात.

क्लिपी हे रस्टचं लिंट टूल. कोड चालतो, पण अमुक ठिकाणी जास्त चांगला लिहिता येईल किंवा तमुक ठिकाणी चूक लपलेली दिसते, हे ते सांगतं. त्यासाठी नुसता मजकूर वाचून भागत नाही. कोणत्या व्हेरिएबलचा टाइप काय, कोणतं फंक्शन नेमकं कुठलं, हे कळायला कंपायलरच्या पोटात शिरावं लागतं. क्लिपी तेच करतं. कंपायलरची अंतर्गत क्रेट्स (रस्टची पॅकेजं) थेट वापरतं. या अंतर्गत एपीआयबद्दल स्थिरतेची कोणतीही हमी नाही. आज ज्या फंक्शनला दोन आर्ग्युमेंट आहेत त्याला उद्या तीन असू शकतात, आणि ते योग्यच आहे, कारण तशी मोकळीक असल्याशिवाय कंपायलर सुधारणार कसा? परिणाम असा की आजचं क्लिपी साधारण आजच्याच कंपायलरबरोबर बिल्ड होतं. महिनाभर जुन्या किंवा नव्या कंपायलरबरोबर होईलच असं नाही.

सप्टेंबर 2018 मध्ये रस्ट 1.29 बरोबर क्लिपी प्रिव्ह्यू म्हणून स्टेबलवरही मिळू लागलं. आता ते हौशी लोकांचं टूल राहिलं नाही. प्रत्येक आवृत्तीसोबत ते बनणं गरजेचं झालं. पण क्लिपीचं घर वेगळं होतं: स्वतःची रिपॉझिटरी, स्वतःचे मेंटेनर, नवख्यांना पटकन हातभार लावता येईल अशा छोट्या चाचण्या. ते घर न मोडता क्लिपी मुख्य रिपॉझिटरीत आणायची सोय म्हणजे सबमॉड्यूल. `एसआरसी/टूल्स/क्लिपी` या जागी ते बसवलेलं होतं.

गिट नेमकं काय लिहून ठेवतं

सबमॉड्यूलच्या जागी गिट मुख्य रिपॉझिटरीत एकही फाइल साठवत नाही. ट्रीमध्ये 160000 या मोडची एकच नोंद असते, तिला गिटलिंक म्हणतात, आणि तिच्यात आतल्या रिपॉझिटरीतल्या एका कमिटचा हॅश, म्हणजे त्या कमिटची चाळीस अक्षरी ओळख, असते. पत्ता वेगळ्या `.गिटमॉड्यूल्स` फाइलमध्ये. सातबाऱ्यावर जमिनीची नोंद असते, जमीन नसते, तसंच हे.

या नोंदीत ब्रँचचं नाव कुठेही नाही. `.गिटमॉड्यूल्स`मध्ये ब्रँच लिहिता येते, म्हणून बरेच जण समजतात की आता सबमॉड्यूल त्या ब्रँचच्या मागोमाग चालेल. तसं होत नाही. ती ओळ फक्त `गिट सबमॉड्यूल अपडेट --रिमोट` चालवल्यावर कामाला येते. एरवी नोंद असते ती एका कमिटची, आणि कुणीतरी कमिट करून बदलेपर्यंत ती हलत नाही. मुख्य रिपॉझिटरीच्या प्रत्येक ब्रँचवर ही नोंद वेगळी असू शकते. बीटावर जुना हॅश, मास्टरवर नवा, आणि माझ्या कामाच्या ब्रँचवर मी ती जिथून काढली तेव्हाचा.

पहिली गोची इथेच होते. तुम्ही मास्टरवरून तुमच्या ब्रँचवर जाता. गिट मुख्य फाइली बदलतं, पण स्वतःहून सबमॉड्यूलच्या फोल्डरला हात लावत नाही. आत अजून मास्टरच्या वेळचं क्लिपी चेकआउट केलेलं असतं आणि नोंद मात्र तुमच्या ब्रँचची. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून `गिट स्टेटस` सांगतं की एसआरसी/टूल्स/क्लिपीमध्ये बदल आहे. तुम्ही काहीच बदललेलं नसतं. घाईत `गिट कमिट -ए` केलं की तुमच्या कामाच्या कमिटमध्ये ही नोंदही शिरते. मास्टर पुढे गेल्यावर तुम्ही रीबेस करून सबमॉड्यूल अपडेट करायचं विसरलात, तर हीच गोष्ट उलट घडते: फोल्डरात जुनं क्लिपी, नोंद नवी, आणि तुमचा कमिट नोंदीला मागे ओढतो. सहकाऱ्याने तीन दिवसांपूर्वी पुढे नेलेलं क्लिपी गुपचूप मागे येतं.

तपासणाऱ्याला डिफमध्ये काय दिसतं? एक हॅश गेला, दुसरा आला. चाळीस अक्षरं जाऊन चाळीस अक्षरं आली. यातून पुढे गेलो की मागे, हे डोळ्यांना कळूच शकत नाही. रस्टच्या रिपॉझिटरीत हे इतक्या वेळा व्हायचं की पुल रिक्वेस्टने सबमॉड्यूलची नोंद बदलली असेल तर बॉट आपोआप इशारा टाकतो, आणि चुकून शिरलेला बदल कसा काढावा हे मार्गदर्शक पुस्तिकेत लिहून ठेवावं लागलं.

मर्जचंही तसंच. दोन ब्रँचनी एकाच सबमॉड्यूलची नोंद बदलली आणि एक हॅश दुसऱ्याच्या पुढच्या इतिहासात असेल, तर गिट पुढचा निवडतं. इतिहास फुटलेला असेल तर कॉन्फ्लिक्ट येतो, आणि तो मुख्य रिपॉझिटरीत सोडवताच येत नाही. आत जाऊन तिथे मर्ज करायचा, तो पुश करायचा, मगच बाहेरची नोंद लावायची.

पण हे सगळं सवयीने आणि सेटिंगने आवरता येतं. रस्टचं खरं दुखणं याच्याही आत होतं.

एक बदल, तीन फेऱ्या

समजा कंपायलरवर काम करणाऱ्या कुणीतरी टाइप तपासणीच्या भागातलं एक फंक्शन बदललं. कंपायलर बिल्ड झाला, त्याच्या चाचण्या पास झाल्या. क्लिपी ते फंक्शन वापरतं, म्हणून क्लिपी तुटलं. दुरुस्ती असते दोन ओळींची, पण त्या दोन ओळी दुसऱ्या रिपॉझिटरीत राहतात. क्लिपीच्या रिपॉझिटरीत ती दुरुस्ती आधी टाकावी तर तिथे हा नवा कंपायलर अजून उपलब्धच नाही. तिची सीआय लाल होणार. कंपायलरचा बदल आधी टाकावा तर मुख्य रिपॉझिटरीतलं क्लिपी तुटणार. दोन्ही बाजू एकाच क्षणी बदलायला हव्यात, आणि दोन रिपॉझिटरींना एकच कमिट करण्याची सोय गिटमध्ये नाही.

यावर रस्टने काढलेला तोडगा म्हणजे टूलस्टेट. क्लिपी, मिरी, आरएलएस, रस्टएफएमटी यांसारखी टूल्स तुटली तरी मुख्य बदल अडवायचा नाही. टूल बिल्ड झालं नाही, किंवा बिल्ड झालं पण चाचण्या पडल्या, याची फक्त नोंद घ्यायची आणि त्या टूलच्या मेंटेनरना बॉटमार्फत कळवायचं. मास्टर पुढे चालू राहील, टूल मागून येईल. अपवाद एकच: बीटा काढण्याआधीचा आठवडा. त्या आठवड्यात चालू टूल तोडणारा बदल मर्ज होऊ द्यायचा नाही, कारण मास्टरवर तुटलेलं क्लिपी तसंच बीटावर आणि तिथून स्टेबलवर गेलं असतं.

कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. आता क्लिपीच्या मेंटेनरच्या जागी बसून बघा. बॉटचा निरोप येतो. मास्टरचा अगदी ताजा कंपायलर आणावा लागतो. नाइटलीची वाट बघत बसता येत नाही, म्हणून मास्टरच्या कोणत्याही कमिटचा तयार बिल्ड उतरवणारं वेगळं टूल वापरायचं. क्लिपी दुरुस्त करायचं, आपल्या रिपॉझिटरीत मर्ज करायचं. मग मुख्य रिपॉझिटरीत दुसरी पुल रिक्वेस्ट, फक्त नोंद पुढे नेण्यासाठी. ती बोर्सच्या रांगेत उभी राहते. बोर्स हा मर्ज करणारा बॉट. तो प्रत्येक बदल मास्टरशी जुळवून सगळ्या चाचण्या चालवतो आणि पास झाला तरच आत घेतो. एका फेरीला काही तास लागतात. तुमचा नंबर येईपर्यंत पुढच्या कुणाच्या तरी बदलाने क्लिपी पुन्हा तुटलेलं असू शकतं, आणि तुम्ही ज्या हॅशकडे नोंद नेताय ते क्लिपी आता निरुपयोगी. पुन्हा पहिल्यापासून.

बोर्समागचं तत्त्व असं की मुख्य शाखेवरचा कोड कायम सगळ्या चाचण्या पास करणारा असावा. टूलस्टेटने त्याच तत्त्वाला भोक पाडलं होतं. मास्टर हिरवा दिसायचा, कारण लाल भाग मोजणीतून वगळला होता. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची खूण हीच वाटते. टीमला आपल्याच सीआयमधून एखादं घटक वगळण्याची सवलत कायमची द्यावी लागते, तेव्हा दुखणं त्या घटकात शोधून सापडत नाही.

त्यात आरएलएसची भर. एडिटरला माहिती पुरवणारं हे टूल कंपायलरवर तर अवलंबून होतंच, शिवाय क्लिपी, रस्टएफएमटी आणि रस्टचं बिल्ड टूल कार्गो यांनाही लायब्ररी म्हणून वापरायचं. म्हणजे क्लिपीची नोंद पुढे नेली की आरएलएस ज्या क्लिपीला धरून होतं तेही पुढे जायला हवं, नाहीतर ते तुटणार. एका गाठीसाठी चार रिपॉझिटरींत फिरायचं, आणि त्याही ठरावीक क्रमाने.

क्लिपीला स्वतः हातभार लावणाऱ्यांचे हालही कमी नव्हते. नवखा माणूस एक छोटं लिंट लिहून पुल रिक्वेस्ट पाठवायचा आणि सीआय लाल. त्याच्या कोडमध्ये काही चूक नसायची. आदल्या रात्री मास्टरवर काहीतरी बदललेलं असायचं. उत्साहाने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी अशी लाल खूण दिसणं ही कोणत्याही प्रकल्पासाठी मोठी हानी आहे, आणि ती कुठल्याच आलेखात दिसत नाही.

वापरणाऱ्यांच्या बाजूला थोडी फुंकर घातली गेली. ऑक्टोबर 2019 मध्ये रस्टअप 1.20 आलं, तुमच्याकडे असलेले सगळे घटक ज्या नाइटलीत मिळतात अशी सगळ्यात ताजी नाइटली ते शोधू लागलं. त्रास कमी झाला, कारण तसंच राहिलं.

2020 चा निर्णय

क्लिपीची वेगळी रिपॉझिटरी बंद करून सगळं मुख्य रिपॉझिटरीत आणणं ही सगळ्यात सरळ वाट होती. पण मुख्य रिपॉझिटरी प्रचंड. तिथे एका छोट्या लिंटसाठीही तासन्‌तास रांगेत थांबावं लागलं असतं. क्लिपीचं छोटं, चपळ घर ही त्या प्रकल्पाची ताकद होती. ती न गमावता दोन्ही बाजू एका कमिटमध्ये बदलता याव्यात, यासाठी 2020 मध्ये क्लिपी सबमॉड्यूलवरून गिट सबट्रीवर नेण्यात आलं.

सबट्रीमध्ये नोंद नसते, खऱ्या फाइली असतात. क्लिपीचा सगळा इतिहास मुख्य रिपॉझिटरीच्या इतिहासात मिसळला. आता फंक्शन बदलणारा माणूस त्याच पुल रिक्वेस्टमध्ये क्लिपीच्या दोन ओळीही बदलतो. क्लिपी तुटलं तर मर्ज होत नाही. वेगळ्या रिपॉझिटरीतलं क्लिपी एका ठरलेल्या तारखेच्या नाइटलीवर बांधलं गेलं, त्यामुळे तिथल्या नवख्याची सीआय रातोरात लाल होणं थांबलं. साधारण दर दोन आठवड्यांनी दोन्हीकडचे बदल एकमेकांत मिसळतात आणि ती नाइटली पुढे सरकते.

हे फुकट झालं नाही. पहिला भार कंपायलरवाल्यांवर आला: पूर्वी ज्या कोडकडे बघावं लागत नव्हतं तो आता त्यांनाच दुरुस्त करावा लागतो. माझ्या मते हे न्यायाचं आहे. जो तोडतो त्यालाच माहीत असतं की का तोडलं आणि जुन्याच्या जागी नवं काय वापरायचं; दुसऱ्याने तेच नंतर शोधून काढण्यात निव्वळ वेळ जातो.

दुसरा भार सिंक करणाऱ्यावर. `गिट सबट्री` ही मुळात एक शेल स्क्रिप्ट आहे आणि रस्टएवढ्या इतिहासावर ती धापा टाकते. परत पाठवताना तिला सगळा इतिहास चाळून क्लिपीपुरते कमिट वेगळे काढावे लागतात. त्यासाठी स्टॅकची मर्यादा वाढवायची, डेबियन-उबुंटूवरच्या डॅश शेलची रिकर्शनची मर्यादा आड येते म्हणून बॅश वापरायचा, आणि मूळ स्क्रिप्टमधल्या बगसाठी दुरुस्त केलेली प्रत घ्यायची, अशा सूचना क्लिपीच्या पुस्तकात लिहाव्या लागल्या. मुख्य रिपॉझिटरीत पुल रिक्वेस्टमध्ये मर्ज कमिट चालत नाहीत. सबट्रीच्या सिंकसाठी त्या नियमालाही अपवाद करावा लागला. पण हा त्रास एका माणसाला, ठरलेल्या वेळी होतो. आधीचा त्रास शेकडो जणांना, कधीही व्हायचा.

तिसरी अडचण थोडे दिवसांचीच, पण ब्रँच बदलणाऱ्यांना नक्की भेटणारी. मास्टरवर `एसआरसी/टूल्स/क्लिपी` आता साधं फोल्डर झालं. आधीच काढलेल्या बीटावर आणि स्टेबलवर मात्र ते अजून सबमॉड्यूलच होतं. सबमॉड्यूल असलेल्या ब्रँचवरून साध्या फोल्डरच्या ब्रँचवर जायला गेलं की गिट थांबवतं: ट्रॅक न केलेल्या फाइली चेकआउटमध्ये पुसल्या जातील. अशा वेळी घाईने सक्तीचा चेकआउट करू नये. आधी सबमॉड्यूलच्या आत जाऊन न पाठवलेलं काम शिल्लक आहे का ते बघावं, मग `गिट सबमॉड्यूल डीइनिट` करून ते फोल्डर रिकामं करावं आणि नंतर ब्रँच बदलावी. तुमच्या टीमने असा बदल करायचं ठरवलं तर ही सूचना बदलाच्या दिवशीच सगळ्यांना पाठवा.

पुढे 2021 मध्ये रस्टएफएमटी आणि 2022 मध्ये एडिटरला माहिती पुरवणारं रस्ट-ॲनालायझर याच वाटेने गेले. मिरीने 2022 मध्ये जोश नावाचं टूल निवडलं. ते मुख्य इतिहासातून एका फोल्डरपुरता इतिहास गाळून देतं आणि तोच इतिहास उलटा बसवूनही देतं, त्यामुळे सबट्रीची ती जड चाळणी टळते. नंतर इतर टूल्सही जोशकडे वळली.

जे सबमॉड्यूलच राहिलं

या प्रकरणातून सबमॉड्यूल वाईट असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी रस्टची आजची `.गिटमॉड्यूल्स` उघडून बघावी. कंपायलरसाठी मशीन कोड बनवणारं एलएलव्हीएम तिथे आहे, कार्गो आहे, अनेक पुस्तकं आहेत.

कार्गो कंपायलरच्या पोटात शिरत नाही. तो त्याला बाहेरून, कमांड लाइनवरून हाक मारतो. आत कितीही फंक्शनं बदलली तरी कार्गो तुटत नाही. कार्गोच्या रिपॉझिटरीत प्रत्येक रस्ट आवृत्तीसाठी वेगळी ब्रँच असते. बीटावर एखादी दुरुस्ती न्यायची असेल तर ती आधी कार्गोच्या त्या ब्रँचवर जाते, मग मुख्य रिपॉझिटरीच्या बीटावर नोंद पुढे सरकते. पायऱ्या दोनच, पण त्या सावकाश चढता येतात, कारण मधल्या वेळात काही तुटलेलं नसतं.

एलएलव्हीएमची गोष्ट आणखी बोलकी. त्याचा आकार आणि इतिहास अवाढव्य. तो मुख्य इतिहासात ओतणं परवडणारं नाही. रस्ट त्याचा स्वतःचा फोर्क (वेगळी प्रत) ठेवतं, एलएलव्हीएमच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी त्यात तारखेनिशी नवी ब्रँच काढतं आणि रस्टला लागणारे पॅच तिच्यावर असतात. नोंद कधीतरीच हलते, आणि हलते तेव्हा मुद्दाम विचार करून. बहुतेकांना तर हे सबमॉड्यूल उतरवावंही लागत नाही; बिल्डची व्यवस्था सीआयवर बनलेलं तयार एलएलव्हीएम आणते. एका कमिटला घट्ट धरून राहणं हा क्लिपीच्या बाबतीत गळफास होता, इथे तोच गुण नेमका हवा आहे.

म्हणून निवड दर घटकागणिक करावी लागते. आपल्या टीममधली सामायिक लायब्ररी घ्या आणि तिच्या नोंदीचा वर्षभराचा इतिहास `गिट लॉग -पी --सबमॉड्यूल=लॉग` ने काढा. प्रत्येक वेळी नोंद पुढे गेली तेव्हा त्याच कमिटमध्ये बाहेरचा कोडही दुरुस्त करावा लागला होता का? लायब्ररीतले किती कमिट फक्त मुख्य प्रकल्पातल्या एका बदलाला वाट करून देण्यासाठी होते? बहुतेक वेळा उत्तर हो असेल तर रिपॉझिटरींची हद्द चुकीच्या जागी आहे. बदल एक आणि घरं दोन. ती हद्द पुसा. उत्तर क्वचितच हो असेल तर सबमॉड्यूल ठेवा आणि थोडी शिस्त लावा.

त्या शिस्तीसाठी तीन सेटिंग पुरतात. `सबमॉड्यूल.रिकर्स` चालू केलं की ब्रँच बदलताना आतलं फोल्डरही बदलतं, गिट 2.14 पासून, म्हणजे 2017 पासून, ही सोय आहे, फक्त क्लोनला ती लागू होत नाही, तिथे पर्याय वेगळा द्यावा लागतो. `डिफ.सबमॉड्यूल`ला `लॉग` दिलं की चाळीस अक्षरांच्या जागी कोणते कमिट आले आणि कोणते गेले त्यांची यादी दिसते, आणि नोंद मागे गेली असेल तर तेही कळतं. `पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स`ला `चेक` दिलं की आतला कमिट सर्व्हरवर पोहोचलेला नसताना बाहेरची नोंद पुश करायला गिट नकार देतं. कायम दोन ब्रँचवर काम असेल तर `गिट वर्कट्री` करून दोन वेगळी फोल्डरं ठेवावीत. प्रत्येकात सबमॉड्यूलची स्वतंत्र प्रत येते, त्यामुळे मोठ्या सबमॉड्यूलला डिस्कवर तेवढी जागा ठेवावी लागते.